लोकलच्या गर्दीतले हात: हे नेमकं किती कॉमन आहे?

सदाफुली (रविवार, रात्री १०.२०)

लेकीची अकरावी माटुंग्याला ठरली. आम्ही डोंबिवलीचे. घरात आठवडाभर एकच वाद चाललाय: स्लोने थेट माटुंगा, की फास्टने दादर आणि तिथून एक स्टेशन मागे. नवरा मिनिटं मोजतोय. मी दादरचा पूल मोजतेय. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "पुलाचं काय?" तेव्हा लक्षात आलं की लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी मी हे कधी बोललेच नाहीये.

त्याच्याशी सोडा, स्वतःशीही नाही. ऑफिसात एक मुलगी नवीन लागलीये, नागपूरची. परवा डबा खाताना तिने विचारलं, "मॅम, ट्रेनमध्ये असलं खूप होतं का हो?" मी पटकन म्हणाले, "नाही गं. लेडीजनेच जायचं, काही होत नाही. मला तर कधी अनुभव नाही."

संध्याकाळी मुलुंड गेलं आणि एकेक आठवायला लागलं. बारावीत असताना ठाण्याच्या जिन्यावर समोरून येणाऱ्याचं कोपर. नेमकं छातीवर. तो वळूनही न बघता खाली उतरला. मग पहिली नोकरी, फलाटाच्या कडेला उभी होते आणि न थांबणाऱ्या गाडीच्या दारात लटकलेल्या पोराने पाठीवर सणसणीत चापट मारली. त्याचे मित्र हसत होते, ते हसणं भांडुपच्या दिशेने गेलेलं अजून कानात आहे. मग फर्स्ट क्लासच्या जाळीपलीकडे बसून घाटकोपर ते ठाणे नजर न हलवणारा, टाय लावलेला माणूस. आणि एका पावसाळ्यात गाड्या रखडल्या म्हणून जनरलमध्ये चढले होते ते कुर्ला ते विक्रोळी. त्याबद्दल लिहीत नाही.

आणि मी म्हणाले, "मला अनुभव नाही." खोटं नव्हते बोलत. माझ्या डोक्यात "अनुभव" म्हणजे पेपरात येईल एवढं काहीतरी. बाकीचं म्हणजे मुंबई.

म्हणून विचारतेय. तुम्ही पहिल्यांदा किती वर्षांच्या होतात, कुठे (डबा, फलाट, पूल), आणि कोणाला सांगितलंत? एवढंच लिहिलं तरी चालेल. पुरुष सदस्यांनीही लिहा.

---

चौथी_सीट (रविवार, १०.४१)

तेरा. दादरचाच पूल. आईला सांगितलं, ती शेजारीच होती.

ती काही बोलली नाही. मला कठड्याच्या बाजूला घेतलं आणि स्वतः गर्दीच्या बाजूने चालायला लागली. त्यानंतर कुठल्याही पुलावर आमची जागा तीच. खूप वर्षांनी डोक्यात आलं की तिने एक सेकंदही विचार केला नव्हता. कुठली बाजू सुरक्षित हे तिला आधीच माहीत होतं.

---

गुलबक्षी (रविवार, १०.५५)

अकरा. फलाट. कोणालाच नाही.

---

मृण्मयी_के (रविवार, ११.०३)

सतरा. बोरिवली स्लो, जनरल डबा, भाऊ सोबत होता म्हणून जनरल. कोणाला सांगितलं? भावाला नाही सांगितलं, कारण त्याने मारामारी केली असती. पुढच्या वेळेपासून "डोकं दुखतं" म्हणून त्याच्यासोबत जायचंच टाळलं. त्याला अजून वाटतं मला तेव्हा त्याची लाज वाटायची.

---

तात्या_कळवेकर (सोमवार, सकाळी ७.५०)

विषय गंभीर आहे, मान्य. पण दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो, लगेच तुटून पडू नका.

मी कळव्याहून चढतो. म्हणजे चढतो म्हणणं धाडसाचं, आत ढकलला जातो. नऊ डब्यांच्या गाड्या होत्या तेव्हा एकीत साडेचार हजारांवर माणसं भरायची, रेल्वेच्याच भाषेत चौरस मीटरला चौदा-सोळा उभी. अशा वेळी स्वतःचा हात कुठे आहे हे स्वतःला कळत नाही. मलाही रोज कोपरं, गुडघे, सॅक लागतात. एकदा एका साध्या कॉलेजच्या पोराला "हात लावला" म्हणून डबाभर लोकांनी तुडवलेलं पाहिलंय. नंतर कळलं मागून पिशवी लागली होती. तेव्हा प्रत्येक स्पर्श म्हणजे छळ असं धरलं तर "किती कॉमन"चं उत्तर शंभर टक्के येणार, आणि त्याला काही अर्थ राहणार नाही.

---

वैशाली_मुलुंड (सोमवार, ९.३५)

तात्या, तुटून पडत नाही. गाडीतच आहे, उभी आहे, त्यामुळे प्रात्यक्षिकासह सांगते.

गर्दीचा धक्का गाडीबरोबर येतो. ब्रेक लागला की सगळे पुढे, सुटली की सगळे मागे. तो सगळ्या अंगाला लागतो आणि ज्याचा लागतो तोही वैतागलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा हात गाडी स्थिर चालत असताना येतो. आपण सरकलो की तो सरकतो. घाटकोपरला अर्धा डबा रिकामा होतो, श्वास घ्यायला जागा होते, तरी तो माणूस तिथेच असतो. आणि तो नेहमी दुसरीकडे बघत असतो, पंख्याकडे, जाहिरातीकडे, फोनकडे. चुकून लागलेला माणूस आपल्याकडे बघतो आणि "सॉरी" म्हणतो.

तेवीस वर्षं रोज दोनदा हा अभ्यासक्रम केल्यावर फरक कळतो हो. तुम्हाला सॅक आणि कोपर यातला कळतो ना, तसाच.

त्या पोराला मारलं ते चूकच. पण मारणारे कोण होते? डबाभर पुरुष. ती मुलगी काय म्हणत होती हे कोणी ऐकलं होतं का?

---

तात्या_कळवेकर (सोमवार, १०.१०)

ती "जाऊ दे" म्हणत होती. हे खरंय.

---

माजी_खाकी (सोमवार, दुपारी १.१५)

इथे सहसा वाचनमात्र असतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं लोहमार्ग पोलिसांत गेली, म्हणून थोडं लांब लिहितो.

किती कॉमन हे आमच्या रजिस्टरवरून कळणार नाही. रजिस्टर सांगतं किती बायका लेटमार्क सोसून पायऱ्या चढून पोलीस ठाण्यात आल्या. आरोपी पकडून दिलेला असतो, लोकांनी दोन ठेवूनही दिलेल्या असतात, आणि फिर्यादी म्हणते, "साहेब, दम देऊन सोडून द्या, मला नऊ पस्तीस गाठायचीये." मी तिला दोष देणार नाही. पुढचे तीन-चार तास आणि नंतर कोर्टाच्या तारखा माझ्याने तिच्यापासून लपवल्या जात नसत. आणि हेही कबूल करतो की आमच्यातले काही जण तिने निघून जावं याचीच वाट बघायचे. लिखापढी टळते.

आता कामाचं. आरपीएफ आणि जीआरपी यात सगळ्यांचा घोळ असतो. आरपीएफ केंद्राची, रेल्वेची. जीआरपी म्हणजे आम्ही, लोहमार्ग पोलीस, राज्य सरकारचे. विनयभंगाचा गुन्हा नोंदवायचं आणि तपास करायचं काम जीआरपीचं. फलाटावर जो पहिला गणवेश दिसेल त्याला धरा, पण फिर्याद जीआरपीत द्या. रेल्वेचा नंबर १३९, जीआरपीचा १५१२. "घटना ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये घडली, ती आमची हद्द नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा.

कलमं: विनयभंगाचं जुन्या दंड संहितेतलं ३५४ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ७४ झालं. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल पाच, अजामीनपात्र. २०१३ च्या दुरुस्तीआधी कमाल दोन होती आणि किमान नव्हतीच, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात "काही होत नाही" पक्कं बसलंय. लैंगिक छळ ७५, पाठलाग ७८, घाणेरडे शब्द-हावभाव ७९. याउलट पुरुष नुसता लेडीज डब्यात घुसला तर रेल्वे कायद्याचं १६२, दंड पाचशे रुपयांपर्यंत. तो भरून लोक हसत बाहेर पडताना मी पाहिलेत.

एक निरीक्षण. पकडलेला माणूस बहुतेक वेळा गर्दुल्ला, टपोरी नसतो. पास असतो, डब्याची पिशवी असते, घरी फोन करू नका म्हणून रडतो. आणि साध्या कपड्यातल्या पथकाने एकाच फलाटावर चार दिवस नजर ठेवली की कळतं, तोच माणूस गर्दीच्या वेळी तीन गाड्या सोडतो आणि चौथीत बरोबर जनरल आणि लेडीजच्या सांध्यापाशी चढतो. तात्या, चुकून हात लागणारा माणूस गाड्या सोडत नाही.

---

गुलबक्षी (सोमवार, १.३२)

शेवटच्या वाक्यासाठी नमस्कार.

---

विरारची_मावशी (सोमवार, ४.०५)

मी पश्चिम रेल्वेची. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुटली, नंतर ती विरारपर्यंत आली. मध्य रेल्वेवर त्याच वर्षी व्हीटी ते कल्याण सुरू झाली. तेव्हा पेपरात कौतुक आलं, पुरुषमंडळींनी "आता बायकांना विमानही द्या" वगैरे विनोद केले. आम्ही मात्र पहिल्या दिवशी नुसत्या पाय पसरून उभ्या होतो. कोणी पर्स छातीशी धरली नव्हती. बाईचा प्रवास म्हणजे दोन्ही हात कामात, एक कडीला आणि एक ढालीला. त्या दिवशी माझा एक हात रिकामा राहिला आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी शेजारणीकडून शेंगा घेऊन सोलायला घेतल्या.

सेफ्टी पिन आमच्या पिढीचं शस्त्र. टोचली की हात जायचा. पण पिन टोचून आम्ही त्याला फक्त पुढच्या बाईकडे पाठवत होतो, हे आता वाटतं.

---

रात्रपाळी (सोमवार, ४.४०)

नर्स आहे. सगळे गर्दीबद्दल लिहिताय, मला उलट सांगायचंय. माझी भीती रिकाम्या डब्याची आहे.

काही लेडीज डबे चोवीस तास बायकांचे असतात, काही फक्त सकाळी सात ते रात्री अकरा. डब्यावर लिहिलेलं असतं, धावत येताना कोण वाचतंय? अकरानंतर त्यात पुरुष कायदेशीर बसतात. एकदा अंबरनाथपर्यंत मी आणि समोर एक माणूस. त्याने काहीही केलं नाही. मी तरीही चाळीस मिनिटं साखळीखाली उभी होते. हे "छळ" नाही, मग याला काय म्हणायचं? ही चाळीस मिनिटं कुठल्या आकड्यात धरायची?

२००२ च्या ऑगस्टमधली बोरिवली गाडीतली घटना आमच्या वयाच्या कोणी विसरणार नाही. रात्री, चालत्या गाडीत, एका गतिमंद मुलीवर बलात्कार, आणि त्याच डब्यात इतर प्रवासी होते. रात्रीच्या लेडीज डब्यात आता पोलीस किंवा होमगार्ड असतो. तो घोरत असला तरी चालेल, पण बसलेला असावा.

आणि दिवसाही भरवसा नाही. २०२३ च्या जूनमध्ये सकाळी साडेसातच्या सुमाराला सीएसएमटीहून सुटलेल्या पनवेल गाडीत, लेडीज डब्यात, परीक्षेला निघालेल्या मुलीवर हल्ला झाला. सीएसएमटी ते मस्जिद, एक स्टेशन. आरोपी त्याच दिवशी सापडला.

---

पूर्वा_निशिकसाई (सोमवार, ७.१०)

परीक्षेचा उल्लेख वाचून लिहायला बसले. मी तोक्योत राहते, निशी-कसाईला. इथे मराठी घरं भरपूर, गणपतीला मोदकाचं पीठसुद्धा मिळतं. आमची तोझाई लाइन गर्दीसाठी कुप्रसिद्ध. आपल्यासारखं लटकणं नाही, दारं बंद होतात, सगळे गप्प. त्या शांततेत हे चालतं. याला इथे "चिकान" म्हणतात आणि स्टेशनवर पोस्टर असतात: चिकान हा गुन्हा आहे. मला आधी हसू आलं होतं, हे काय लिहून सांगायचं! मग २००४ चं सर्वेक्षण वाचलं, तोक्यो पोलीस आणि रेल्वे कंपनीचं. विशी-तिशीतल्या प्रवासी बायकांपैकी साधारण दोन-तृतीयांश जणींनी "हो, माझ्याशी झालंय" म्हटलं होतं. म्हणजे वक्तशीर, स्वच्छ, चोरी नसलेल्या गावात.

परीक्षेचं असं की जानेवारीत विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा असते. त्या दिवशी नेटवर हे लोक एकमेकांना उघड सांगतात की आज मुली तक्रार करणार नाहीत, परीक्षा चुकेल. म्हणून त्या दिवशी जादा गस्त लागते. वर काकांनी "नऊ पस्तीस गाठायचीये" लिहिलंय ना, तेच. त्यांना आपलं वेळापत्रक पाठ असतं.

बायकांचे डबे इथे २००१ पासून नियमित आले. पोलिसांचं एक ॲप आहे, बटण दाबलं की स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत "चिकान आहे, मदत करा" दिसतं. बोलायला जीभ उचलत नाही तेव्हा शेजारच्याला नुसता फोन दाखवायचा. मी कधी वापरलं नाही. पण पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या जपानी बाईने ते माझ्या फोनमध्ये टाकून दिलं, बँकेचं ॲप टाकतात तितक्या सहज.

---

तात्या_कळवेकर (सोमवार, ८.००)

मग सगळ्या गाड्या एसी करा, दारं बंद, कॅमेरे. २०१७ पासून एसी लोकल आहेच.

---

मृण्मयी_के (सोमवार, ८.०६)

तात्या, तोक्योत दारं बंदच असतात. वरचा प्रतिसाद वाचा.

---

नाव_नको (सोमवार, रात्री ११.४८)

नेहमीचा आयडी नाही, समजून घ्या.

मी पुरुष. चौदा. विरार फास्ट, जनरल डबा, क्लासहून येताना. वर वैशालीताईंनी लिहिलंय की तो दुसरीकडे बघत असतो. बरोबर आहे. पेपर वाचत होता, माझ्या डोक्यावरून. उतरता येत नव्हतं, फास्ट होती आणि मध्ये सगळी माणसं. मी ओरडलो नाही कारण ओरडून काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. मुलीला निदान एक शब्द असतो.

कोणाला सांगितलं? आज इथे.

---

माजी_खाकी (मंगळवार, सकाळी ६.३०)

नाव_नको, लिहिलंत ते बरं केलंत. इतर वाचकांसाठी: अठराच्या आतल्या मुलाला २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. प्रौढ पुरुषासाठी मात्र कायद्यात मोठी फट आहे. ७४ आणि ७५ बाईपुरती आहेत, आणि जुनं ३७७ (अनैसर्गिक संभोगाचं कलम) नव्या संहितेत घेतलेलंच नाही.

मी नोकरीत असताना असा एकही मुलगा आला नाही. एकही.

---

चौथी_सीट (मंगळवार, ९.२०)

एक शब्दाबद्दल. "छेडछाड", "छेड काढली". वीणेची तार छेडतात तसं काहीतरी गोड. आणि कायद्यातला "विनयभंग". भंगतो म्हणे आपला विनय, म्हणजे तुटलं ते आपलंच. अकरा वर्षांची मुलगी यातला कुठला शब्द आईला सांगणार? ती "कसंतरी वाटलं" म्हणते आणि आई म्हणते, उलटी होतेय का.

---

सदाफुली (शुक्रवार, रात्री ९.४५)

सगळ्यांना उत्तर देऊ शकले नाही, पण प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. नवऱ्यालाही वाचायला दिले. तो नाव_नकोच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबला. का ते मी विचारलं नाही.

लेकीला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. शेवटी तिला पिन नाही दिली. तिचा आवाज काढून घेतला. म्हणजे हॉलमध्ये तिला उभी केली आणि म्हटलं, ओरड, "हात काढ!" पहिल्यांदा इतकं हळू म्हणाली की पंख्याच्या आवाजात गेलं. म्हटलं, परत. मग हसायलाच लागली. मग मी ओरडून दाखवायला गेले आणि माझाही आवाज फुटेना. शेचाळिसाव्या वर्षी. मग आम्ही दोघी आळीपाळीने. पाचव्या-सहाव्या वेळेला असा काही आवाज निघाला की खालच्या काकू धापा टाकत वर आल्या, "काय झालं गं, चोर आला का?"

बसवलं, पाणी दिलं, सांगितलं काय चाललंय ते. काकू बहात्तर वर्षांच्या आहेत, परळच्या चाळीत वाढलेल्या. त्यांनी पदराने घाम पुसला आणि माझ्या लेकीकडे बघत, मी काही विचारलेलं नसताना, तुम्ही सगळ्यांनी लिहिलं त्याच क्रमाने म्हणाल्या, "पंधरा. परळचा पूल. कुणाला नाही."

मग चहा घेऊन गेल्या.

---

वैशाली_मुलुंड (शुक्रवार, ९.५८)

मग शेवटी स्लो की फास्ट?

---

सदाफुली (शुक्रवार, १०.०१)

स्लो. ७.०४ ची, मधला लेडीज. तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी पुष्कळ.